पुढच्या दारानं आत, मागच्या दारानं बाहेर

वच्छलाबाई पडल्या त्या चैत्रात, आणि पडल्या त्याही स्वतःच्या न्हाणीत. आता माणसानं पडायचंच तर काही सांगण्याजोगं करून पडावं. भरल्या बैलबंडीवरून पडावं, कैऱ्या पाडताना आंब्यावरून पडावं. शेवाळलेल्या दगडावर, हातात रिकामा तांब्या घेऊन पडण्यात कसली आली शान? त्यामुळे सिंदी मेघे गावातलं जे कोणी भेटायला येई त्याला त्या ठणकावून सांगत, "पडली नाई मी. बसली. जराशी जोरानं बसली, इतकंच." डावं मनगट मात्र मोडलं होतं, आणि नुसत्या बसलेल्या बाईला कोणी प्लास्टर घालत नाही. पडले तरी नाक वर, ते हे असं.

त्यानंतर घरानं त्यांच्यावर जी माया सुरू केली तिला तोड नव्हती. मुलगा मधुकर रोज सायकलनं वर्ध्याला नोकरीवर जाई. त्यानं जाण्याआधी ओसरीवर खाट टाकून दिली. सून लीलाबाई पाणी हातात आणून देई, ताट खाटेवर आणून देई. सासूनं घागरीकडे नुसतं पाहिलं तरी ती स्वयंपाकघरातून धावत येई, "आत्याबाई, बसा तुमी. मी हाये न." वच्छलाबाईंचे मालक सदाशिवराव पानाचा डबा घेऊन समोर बसत आणि पाय जमिनीला टेकलेला दिसला की खाकरत. ज्या बाईनं जन्मभर शेतात कापूस वेचला, पहाटे जातं ओढलं, विहिरीचं पाणी डोक्यावर वाहिलं, ती दिवसभर खाटेवर बसून रस्त्यानं कोण गेलं ते मोजू लागली. आधी तिला ते आवडलं, खोटं कशाला बोला. मग कंटाळा आला. मग कंटाळाही येईनासा झाला, आणि ते सगळ्यांत वाईट.

पायांचं काय झालं होतं ते कळलं अकितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला. आर्वीहून धाकटे दीर वासुदेवराव आणि जाऊ शोभाबाई आले होते. दिराचं तिकडे कापडाचं दुकान, नवं घर, घरात चकचकीत फरशी. पुरणाची जेवणं झाली आणि वच्छलाबाई पाटावरून उठायला गेल्या. उठता येईना. गुडघे लटलटायला लागले, हात खांब शोधू लागला, आणि अर्ध्या उठलेल्या त्या धपकन पुन्हा पाटावर बसल्या. या खेपेला खरंच बसल्या. पण सगळ्या घरानं पाहिलं.

मग शोभाबाई म्हणाली, "जाऊबाई, मी काय म्हनते, महालक्ष्म्या आता आर्वीलेच बसवू. तिथं सपाट फरशी हाये, उंबरठा नाई, काई नाई. तुमी निस्त्या खुर्चीवर बसून पाह्यजा."

हे वच्छलाबाईंना न्हाणीत पडण्यापेक्षाही जास्त लागलं. भादव्यातल्या महालक्ष्म्या म्हणजे या घराचा मोठा सण. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघींचे पितळी मुखवटे. तुळशीपासून ते उचलून, अंगणातून, ओसरीचा उंबरठा आणि माजघराचा उंबरठा ओलांडून आत आणायचे. थोरल्या सुनेनं ज्येष्ठा आणायची, धाकटीनं तिच्या मागोमाग कनिष्ठा. मध्ये थांबलं तरी चालेल, पण मुखवटा खाली ठेवायचा नाही आणि मागे वळून पाहायचं नाही, ही या घराची रीत. सासूनं वच्छलाबाईंच्या हातात ज्येष्ठा दिली तेव्हा त्या नव्या नवरी होत्या. "कडेवरच्या पोरासारखी धरजो," असं सासू म्हणाली होती. तेव्हापासून दर भादव्यात त्यांनी ती तशीच धरली होती.

सदाशिवरावांनी बराच वेळ सुपारी कातरली. बायकोच्या बाजूनं बोलावं तर तिचे पाय समोर दिसले होते. भावजयीच्या बाजूनं बोलावं तर रात्री घरातच झोपायचं होतं. शेवटी त्यांनी तोड काढली. "यंदा इथंच. वच्छला ज्येष्ठेले घेऊन दोन्ही उंबरठे वलांडून आली, त पुढंही इथंच. नाई जमलं, त पुढच्या सालापासून आर्वी."

"जमन," वच्छलाबाई पाटावरूनच म्हणाल्या. उठून म्हणायची सोय नव्हती.

प्लास्टर काढायला त्या वर्ध्याच्या दवाखान्यात गेल्या तेव्हा तिथली डॉक्टरीण पोरसवदा होती, पण डोळा तिखट. तिनं मनगट फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "हाड छान जुळलंय. आता हात न टेकता स्टुलावरून उठा बघू." वच्छलाबाईंनी दोनदा प्रयत्न केला आणि तिसऱ्यांदा लीलाबाईचा खांदा धरला.

"हात मोडला होता ना? मग पाय कोणी बांधून ठेवले?" डॉक्टरणीनं विचारलं.

लीलाबाई खाली पाहू लागली. बिचारीनं मायेनंच बांधले होते.

डॉक्टरणीनं गोळ्या फारशा दिल्या नाहीत, कामं दिली. खुर्चीवरून हात न लावता उठा-बसा. भिंतीला हात धरून टाचा उचला. वरण, दूध, शेंगदाणे पोटभर खा. न्हाणीतलं शेवाळ आजच्या आज काढा. आणि रोज जमिनीवर खडूनं सरळ रेघ ओढून तिच्यावरून हळूहळू चाला. टाच आधी टेकवा, मग बोटं. "तुम्ही पडू नये म्हणून घरचे तुम्हाला बसवून ठेवताहेत," ती म्हणाली, "आणि बसून बसूनच तुम्ही पडणार आहात."

घरी आल्या आल्या सदाशिवरावांनी चुना आणि नारळाची शेंडी घेऊन न्हाणीचा दगड स्वतः घासला. भिंतीला धरायला बांबूही ठोकला, तो जरासा वाकडाच. पण रेघेचं घोडं पेंड खायला लागलं. दारात बोडकी पांढरी रेघ काढायला लीलाबाई काही केल्या तयार होईना. "दारात निस्ती रेघ? हळद नाई, कुंकू नाई? कसं दिसन ते? मी लक्ष्मीचे पाय काढतो." आणि तिनं रांगोळीची चिमूट घेऊन तुळशीपासून सुरुवात केली. लहान लहान पावलांची एक सरळ ओळ अंगणातून निघाली, ओसरी चढली, दोन्ही उंबरठे ओलांडून माजघरातल्या देवापाशी थांबली. सवयीनं तिनं प्रत्येक पावलावर हळदीकुंकवाचं बोटही ठेवलं.

झालं. आता ही पावलं लक्ष्मीची. त्यांच्यावर पाय कसा द्यायचा? वच्छलाबाई एका पावलाच्या अगदी शेजारी टाच टेकवत, मग बोटं, मग पुढच्या पावलाच्या शेजारी. पाऊल पुसलं जाऊ नये म्हणून इतक्या जपून, इतक्या लक्ष देऊन त्या चालत, की खडूच्या रेघेवर कोणी काय चालेल. उंबरठ्याशी थांबत, चौकटीला बोटं लावत, पाय उचलून पलीकडे नेत. देवापाशी पोचल्या की घाम फुटलेला असे.

आणि परत कसं यायचं? पावलं सगळी आत येणारी. त्यांच्या उलट चालत बाहेर जायचं म्हणजे लक्ष्मीला घराबाहेर घालवायचं, आणि ते या घरात कोणाला खपलं असतं? तेव्हा वच्छलाबाई माजघरातून स्वयंपाकघरात जात, मागच्या दारानं परसात उतरत, गोठ्याला वळसा घालून बोळीनं घराभोवती येत, आणि पुन्हा तुळशीपाशी उभ्या राहत. पुढच्या दारानं आत, मागच्या दारानं बाहेर. डॉक्टरणीनं सांगितलं होतं खोलीभर, होऊ लागलं घरभर. "काखेत कळसा अन गावाले वळसा," सदाशिवराव पान चघळत म्हणत. वच्छलाबाई दम राखून पुढचा वळसा घेत.

आता समोरच्या ओट्यावर रुख्माबाई बसत. वय वच्छलाबाईंएवढंच, काम वाती वळायचं, आणि दुसरं काम सगळ्या गल्लीवर नजर ठेवायचं. त्यांच्या ओट्यावरून या घराचं पुढचं दार आणि तुळस दिसे. बोळीचं तोंड मात्र कडुनिंबाआड होतं. तेव्हा रुख्माबाईंना काय दिसलं असेल ते बघा. भर ज्येष्ठ महिन्यात, सण नाही वार नाही, समोरच्या दारात लक्ष्मीची पावलं उमटलेली. त्या पावलांशेजारून वच्छलाबाई हात जोडल्यासारखे पुढे धरून, डोळे जमिनीला लावून, अतिशय सावकाश घरात शिरल्या. थोड्या वेळानं पुन्हा शिरल्या. मग पुन्हा. बाहेर पडताना मात्र एकदाही दिसल्या नाहीत.

पहिल्या दिवशी रुख्माबाईंनी डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी वाती खाली ठेवल्या. तिसऱ्या दिवशी त्या नारळ, हळदीकुंकू आणि गल्लीतल्या चार बाया घेऊन आल्या आणि तुळशीपाशी डोकं टेकवून उभ्या राहिल्या. "वच्छलाबाईच्या अंगात महालक्ष्मी आली वो," त्या दबक्या आवाजात सांगत होत्या. "नुसती आतच जाते. बाहीर निंगतच नाई."

तेवढ्यात मागून आवाज आला, "सरका जराशा. वाटंत काऊन उभ्या हा?"

पाहतात तो बोळीतून वच्छलाबाई. पदर खोचलेला, चेहरा लाल, पायाला गोठ्यातलं शेण. एकीच्या हातातलं कुंकू सांडलं. रुख्माबाईंचे हात जोडलेलेच राहिले, आणि आता ते सोडावे की तसेच ठेवावे हे त्यांना कळेना.

क्षणभर वच्छलाबाईंना मोह झाला. देवी आली म्हणून मिरवायला काय जात होतं? नारळ तर आलाच होता. पण मग अंगात आलेल्या देवीनं बोळीतून वळसे का घालायचे, याचं उत्तर सापडेना. शिवाय पाय थकले होते, आणि थकलेल्या माणसाला खोटं रचायचा कंटाळा येतो. त्या तुळशीच्या ओट्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "देवी नाई न काई नाई. मी पडलती न्हाणीत. पाय कमजोर झाले. भादव्यात ज्येष्ठा आणता येते का नाई, याचा घोर लागला मले. म्हणून चालून राह्यली."

पडले, हे त्या पहिल्यांदाच कोणापुढे बोलल्या. बोलल्यावर काही आभाळ कोसळलं नाही, याचं त्यांना नवल वाटलं.

रुख्माबाई हळूच शेजारी येऊन बसल्या. "मीबी पडलती," त्या म्हणाल्या. "दिवायीत. गोठ्यात. कोनाले नाई सांगतलं. सांगतलं असतं त मलेबी खाट टाकून देल्ली असती न ओसरीत, तुयासारखी." मग दुसरी बोलली, तिसरी बोलली. कोणी विहिरीच्या काठी, कोणी बंडीतून उतरताना. पाचही जणींनी आपलं पडणं सुनांपासून आणि लेकांपासून दागिन्यांसारखं लपवून ठेवलं होतं. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग नारळ फोडला, कारण आणलेला नारळ परत नेत नाहीत, आणि खोबरं खात खात रुख्माबाई म्हणाल्या, "उद्या मीबी येतो. लीलाबाईले म्हना, उंबरठ्यापाशी पाय जरासे मोठे काढजो. मले बारीक दिसत नाई."

तेव्हापासून सकाळचा सडा झाला की या घराभोवती बायांची रांग लागे. टाच आधी, मग बोटं. आत आलं की ओसरीतल्या खुर्चीवर प्रत्येकीनं हात न लावता उठबस करायची, खांबाला धरून एका पायावर उभं राहायचं. त्यात कोणाच्या सुनेचं काय चाललंय तेही निघे, त्यामुळे कोणी दांडी मारत नसे. खाट उचलून गोठ्यात गेली आणि तिच्यावर कडबा रचला गेला. सदाशिवराव आपल्या जागेवरून म्हणत, "घर हाये का देऊळ? दिवसभर प्रदक्षिणाच चालू." पण पाऊस लागला आणि बोळीत चिखल झाला तेव्हा त्यांनीच गाडीभर मुरूम आणून टाकला, आणि कोणी विचारलं तर बैलांसाठी टाकला म्हणून सांगितलं.

आषाढात एकदा वच्छलाबाईंचा पाय त्या चिखलात सटकलाच. पण अंग सावरलं. दुसरा पाय आपोआप पुढे आला, त्यांना न विचारता. त्या तिथंच भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि आनंदानं हसल्या. कितीतरी दिवसांनी पाय त्यांचे झाले होते.

भादवा आला. महालक्ष्म्यांच्या दिवशी दुपारी वासुदेवराव आणि शोभाबाई एसटीनं उतरून आले. वच्छलाबाई तुळशीपाशी उभ्या होत्या. शोभाबाई फाटकातून येताना त्यांनी पाहिलं. भारी लुगडं, नव्या बांगड्या, चेहऱ्यावर हसू. पण हात भिंतीवरून सरकत येत होता आणि नजर जमिनीवरून उठत नव्हती. ओसरीची पायरी चढताना तिनं आधी खांब धरला, मग पाय उचलला. दुसऱ्या कोणाला ते दिसलं नसतं. वच्छलाबाईंनी चैत्रापासून तेच केलं होतं.

स्वयंपाकघरात सोळा भाज्या निवडायला दोघीच बसल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "कवा पडली, शोभा?"

"मी कायले पडू?" शोभाबाईनं भेंडी मोडली. आणखी एक मोडली. मग हात थांबला. "संक्रांतीच्या आंधी. मोरीत. मालकायलेबी नाई सांगतलं."

"त्या सपाट फरशीवर?"

"त्याच."

"अन म्हणून महालक्ष्म्या आर्वीले?"

शोभाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमचे दोन उंबरठे मले रातच्याले सपनात दिसते, जाऊबाई. कनिष्ठा हातात अन पाय अडकला त? माह्यं नाव कसं घेऊ? तुमचं घेतलं."

वच्छलाबाईंना राग आला. चांगला आला. चार महिने ज्या घोरात काढले तो घोर हिच्या भीतीचा होता. दोन तिखट शब्द जिभेवर आलेही. पण समोर बसलेली बाई इतकी भ्यालेली होती, आणि ती भीती त्यांच्या इतकी ओळखीची होती, की रागाला बसायला जागाच मिळाली नाही. "गवार दे इकडं," त्या म्हणाल्या. "अन आयक. माह्या मागं चालजो. टाच आधी टेकव, मंग बोटं. घाई कोनाची नाई. देवी काई एसटी पकडून राह्यली नाई."

संध्याकाळी भुरभुर पाऊस थांबला. लीलाबाईनं तांदळाच्या ओल्या पिठानं पावलं काढली, रुख्माबाईंच्या सोयीनं मोठी. घर माणसांनी भरलं होतं. वच्छलाबाईंनी ज्येष्ठा उचलली आणि कडेवरच्या पोरासारखी उजव्या हातात धरली. मागे शोभाबाईनं कनिष्ठा घेतली. रुख्माबाई ओसरीत थाळी घेऊन उभ्या, शेजारी सदाशिवराव, आणि त्यांच्या तोंडात पान असून ते चावत नव्हते.

वच्छलाबाई निघाल्या. पावलाशेजारी टाच, मग बोटं. अंगण संपलं, पायरी आली, उंबरठा आला. पाय उचलला, पलीकडे टेकला.

थाळी वाजली. "महालक्ष्मी आली, कशाच्या पावलानं आली?" रुख्माबाईंनी विचारलं.

"सोन्याच्या पावलानं आली," वच्छलाबाई म्हणाल्या, आणि पुढचं पाऊल टाकणार तोच मागच्या बांगड्यांचा आवाज थांबला.

शोभाबाई उंबरठ्याबाहेर उभी राहिली होती. पाय उचलतच नव्हता. मागे पाहायचं नाही ही रीत, त्यामुळे वच्छलाबाईंनी पाहिलं नाही. त्यांनी ज्येष्ठा अंगाशी घट्ट धरली, दोन्ही पाय जमिनीत रोवले आणि डावा हात, तोच मोडलेला हात, न वळता मागे केला. मग एक थंड, घामेजलेला हात त्या हातात आला आणि शोभाबाईचा सगळा भार त्यावर पडला. वच्छलाबाईंचे पाय जराही हलले नाहीत. खुर्चीवरून उठण्याबसण्याचे ते सगळे महिने त्या घटकेला कामी आले. मागे बांगड्या वाजल्या. शोभाबाई आत आली होती.

हात तसाच धरून दोघी माजघराच्या उंबरठ्यापाशी आल्या. तोही ओलांडला, आधी एकीनं, मग दुसरीनं.

"कशाच्या पावलानं आली?" रुख्माबाईंनी पुन्हा विचारलं.

इथं म्हणायचं असतं, रुप्याच्या पावलानं. वच्छलाबाई दरवर्षी तेच म्हणत. पण धाप लागली होती आणि त्यांच्या तोंडून निघालं, "आमच्या दोघींच्या पावलानं आली."

रुख्माबाईंची थाळी क्षणभर थांबली. मग त्यांनी ती अशी बडवली की गोठ्यातले बैल उठून उभे राहिले.

सोळा भाज्या झाल्या, आंबिल झाली, तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्यांची पाठवणी झाली. आर्वीचं नाव कोणी काढलं नाही. वासुदेवरावांनी गाडीची वेळ झाल्याचं सांगितलं तेव्हा शोभाबाई म्हणाली, "तुमी व्हा पुढं. मी राह्यतो आठ-पंधरा रोज. मले इथं काम हाये."

दुसऱ्या दिवशी सकाळी रुख्माबाईंनी ओट्यावरून पाहिलं. वच्छलाबाई आत गेल्या, शोभाबाई आत गेली. मग थोड्या वेळानं पुढच्या दारातून सदाशिवराव बाहेर आले. पानाचा डबा घरीच ठेवलेला, धोतर खोचलेलं, इकडे तिकडे पाहत, एका पावलाशेजारी टाच टेकवत.

"सदाशिवराव," रुख्माबाईंनी तिथूनच हाक मारली, "उलटे जाऊन राह्यले तुमी. लक्ष्मी बाहीर निंगन. मांगच्या दारानं या."

सदाशिवराव निमूट वळले, आणि उंबरठ्यावरून पाय उचलून आत गेले.